कोणाच्या मागे जावे?

दलित साहित्याच्या चर्चेत लेखक कोण आणि वाचक कोण, हा प्रश्न आपण पुष्कळ वर्षे विचारीत आलो. आज त्याच्या शेजारी दुसरा प्रश्न येऊन उभा राहिला आहे. आपला तरुण पुस्तक हाती घेण्यापूर्वी मोबाईल हाती घेतो. तेथे तो दररोज कोणाला ऐकतो, कोणाला वाचतो, कोणाच्या मागे जातो? या माणसांचे मूल्यमापन आपल्या समीक्षेने अद्याप मनावर घेतलेले नाही. कवितासंग्रहाच्या तीनशे प्रती निघाल्या तरी त्यावर परीक्षण येते. ज्या माणसाला तीन लाख तरुण रोज ऐकतात त्याच्याविषयी मात्र आपण चहाच्या टपरीवर बोलतो, नियतकालिकात नाही.

हा लेख लिहिण्याचे कारण अगदी साधे आहे. कासारवाडीत रेल्वे फाटकापासून जवळ आमची एक अभ्यासिका चालते. एका बाजूला जुना मुंबई-पुणे रस्ता आणि त्यावरून जाणारी मेट्रो, दुसऱ्या बाजूला लोणावळ्याची लोकल, आणि नाशिक फाट्यावरून भोसरी-चाकणकडे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या. रविवारी सकाळी येथे दहा-पंधरा मुलेमुली जमतात. काही स्पर्धा परीक्षा देणारी, काही रात्रपाळी करून डोळे चोळत आलेली. त्यांनी मला सांगितले, "सर, मोबाईलवर कोणाकोणाला फॉलो करावे याची एक यादी तुम्हीच करून द्या. फळ्याशेजारी लावू." मागणी निरुपद्रवी वाटली. लिहायला बसलो तेव्हा हात थांबला.

थांबण्याचे पहिले कारण त्या शब्दातच आहे. फॉलो करणाऱ्याला आपण मराठीत अनुयायी म्हणतो, आणि आपल्या चळवळीत हा शब्द हलका नाही. बोटाने एक बटन दाबून अनुयायी होता येते, ही कल्पनाच मुळी आपल्या परंपरेला मानवणारी नाही. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात, न्यायमूर्ती रानड्यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेब बोलले ते रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना मांडणारे भाषण प्रसिद्ध आहे. मोठा माणूस कोणाला म्हणावे, याची एवढी कठोर छाननी मराठी मुलखात क्वचितच झाली असेल. ते छापताना लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी स्वतःला मूर्तिपूजकांत नव्हे तर मूर्तिभंजकांत गणले. पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातील भक्तीचा धोका सांगितला. आणि बुद्धाचे कालामसुत्त तर या विषयावरचा आपला जुनाच पाठ आहे. तेव्हा यादी द्यायची ती अनुयायी घडविण्यासाठी नव्हे, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. ज्याचे ऐकावे, आणि ऐकून झाल्यावर ज्याला प्रश्न विचारावा, अशा माणसांची ती यादी असावी.

यावर कोणी म्हणेल, मग मोबाईल बाजूलाच का ठेवू नये? हा उपदेश पांढरपेशाला शोभतो. ज्याच्या घरी चार वर्तमानपत्रे येतात आणि त्या चारही वर्तमानपत्रांत ज्याच्या नात्यागोत्यातील कोणी ना कोणी उपसंपादक असतो, त्याने तो खुशाल करावा. आपला इतिहास निराळा आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ते पत्र उभे राहिले. त्याच्या शिरोभागी तुकोबा होते, आणि १९२७ च्या 'बहिष्कृत भारता'च्या शिरोभागी ज्ञानोबा. म्हणजे कासारवाडीच्या एका अंगाला असलेले देहू आणि दुसऱ्या अंगाला असलेली आळंदी या दोन्ही गावांचा शब्द बाबासाहेबांनी आपल्या पत्रांवर मांडला. आजही आकुर्डीचा मुक्काम उरकून तुकोबांची पालखी आमच्या दारावरून दापोडीकडे जाते, तेव्हा मला देहूबरोबर 'मूकनायक'ही आठवतो. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजी घडले. मोठ्या वृत्तपत्रांना त्यातली जात दिसायला वेळ लागला, आणि त्या काळात ती बातमी आपल्याच लोकांनी मोबाईलच्या संदेशांतून व इंटरनेटवरून गावोगाव नेली. २ एप्रिल २०१८ चा भारत बंद कोणत्याही मोठ्या पक्षाने उभारलेला नव्हता. ॲट्रॉसिटी कायदा सैल करणाऱ्या निकालाविरुद्ध तो पडद्यावरच्या हाकेने उभा राहिला, आणि त्याच वर्षी संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. म्हणून हे साधन आपण सोडू शकत नाही. प्रश्न आहे तो पारखण्याचा.

आणि पारखण्याचा हक्क कंपनीच्या हाती द्यायचा नाही. २०१८ च्या नोव्हेंबरात ट्विटरचा प्रमुख जॅक डोर्सी भारतात आला आणि ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा एक फलक हाती धरून त्याने छायाचित्र काढून घेतले. गदारोळ होताच कंपनीने दिलगिरी व्यक्त केली. वर्षभराने, २०१९ च्या नोव्हेंबरात, कोणाचे खाते बंद करायचे आणि कोणाला निळी खूण द्यायची यात जात पाहिली जाते, असा आरोप करून बहुजन तरुणांनी आंदोलन केले. माणूस खरा आहे की नाही हे सांगणारी ती खूण. ती कोणाला द्यायची हे ठरविणारा गावकामगार कोण, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे ती खूण पैसे भरून मिळू लागली, आणि मग तर तिला काही अर्थच उरला नाही. पडद्यावर कोण वर येतो याचेही गणित असेच आहे. ज्याच्यावर लोक जास्त वेळ थांबतात, चिडतात, भांडतात, त्याला यंत्र आणखी चार जणांपुढे नेऊन ठेवते. सत्य सांगणाऱ्याने चिडविलेच पाहिजे असे नाही. त्यामुळे तो मागे पडतो.

दुसरे कारण माझ्या स्वतःच्या अपराधाचे आहे. ते सांगितल्याशिवाय यादी देण्याचा मला अधिकार नाही.

१ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगावला अभिवादनासाठी गेलेल्या आपल्या लोकांवर हल्ला झाला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून माझ्या मोबाईलवर चित्रफितींचा पाऊस पडत होता. जळणाऱ्या गाड्या, पळणाऱ्या बाया. त्यांतली एक चित्रफीत मी अभ्यासिकेच्या ग्रुपवर पुढे पाठविली. मला ती ज्यांच्याकडून आली ते चळवळीत माझ्याहून ज्येष्ठ, भाषणाला उभे राहिले की सभा डोलविणारे. त्यांच्यावर मी अनेक वर्षे विसंबत आलो होतो. पाहणी करण्याचे मनातच आले नाही. ती चित्रफीत कोरेगावची नव्हती. त्या महिन्यातलीही नव्हती. हे कळले तेव्हा ३ जानेवारीचा महाराष्ट्र बंद होऊन गेला होता. आमच्या अभ्यासिकेतला, तेव्हा आयटीआय करीत असलेला एक मुलगा ती पाहून रस्त्यावर उतरला होता, आणि जमावातल्या इतरांबरोबर त्याचे नाव गुन्ह्यात आले. कोरेगावचा हल्ला खरा होता, त्याचा संताप न्याय्य होता. पण त्या सकाळी त्याच्या डोळ्यांपुढे होते ते मी पाठविलेले दृश्य. पुढे एका कारखान्यात भरतीच्या वेळी पोलीस पडताळणीचा कागद आला आणि तो बाजूला काढला गेला. आज तो रोजंदारीवर गाडी चालवतो. मला तो अजून 'सर' म्हणतो. एकदा एवढेच म्हणाला, "तुम्ही पाठवली होती ना सर, म्हणून खरी वाटली."

एखाद्याची शिफारस करणे म्हणजे त्याच्यासाठी जामीन राहणे. ही गोष्ट समीक्षेने पूर्वीपासून जाणली आहे. पडद्यापुढे बसलो की आपण ती विसरतो.

आता माणसांकडे येऊ. सर्वांत आधी मी कडूबाई खरात यांचे नाव लिहिले. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, वस्तीत राहणारी ही बाई एकतारी घेऊन दारोदार भीमगीते गात असे. कोणीतरी ते मोबाईलवर टिपले आणि महाराष्ट्रभर पोहोचले. त्यांचा आवाज खडा आहे, त्यात रियाजाची तकाकी नाही. पण शब्दाचे वजन कुठे टाकायचे हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मुळात आपली गाण्याची परंपरा छापील नाहीच. सिन्नरच्या देशवंडीत जन्मलेले वामनदादा कर्डक यांची गाणी तोंडातोंडी फिरली. कोणी लिहून घेतली, कोणी घेतली नाहीत. पडद्याने येथे आपले एक जुने काम सोपे केले आहे. मात्र एक सावधगिरी. कडूबाईंची गाणी स्वतःच्या नावाने चढवून त्यावर पैसा करणारी खाती शेकड्यांनी आहेत. ऐकायचेच तर मूळ बाईला ऐका. वामनदादांची गाणी दुसऱ्यांनी आपल्या नावावर खपविली, ती चूक पुन्हा नको. आणि हे गाणे ऐकणे नेहमीच सुरक्षित असते असेही नाही. २०१५ च्या मे महिन्यात शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, त्याला निमित्त मोबाईलवर वाजलेल्या भीमगीताचे होते.

शीतल साठे यांना ऐकावेच. बाहेरगावचे लोक कधी कधी त्यांना आमच्या कासारवाडीच्या समजतात आणि आम्हीही ती चूक लगेच दुरुस्त करीत नाही. खरे तर त्या पुण्याच्या कासेवाडीतल्या. कबीर कला मंचातून त्या पुढे आल्या, आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) मधून देशाने त्यांना पाहिले, २०१३ मध्ये त्या आणि सचिन माळी स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले, आणि पुढे त्यांनी नवयान महाजलसा उभा केला. जलसा हा प्रकार सत्यशोधकांपासूनचा. त्यांच्या गाण्यात विचाराचे ओझे कधी कधी चालीला जड होते, हे मी नोंदवून ठेवतो. पण मोठ्या आवाजाच्या डीजेवर नाचणाऱ्या आमच्या १४ एप्रिलच्या मिरवणुकीला या गाण्याची गरज आहे. त्याच रांगेत अमरावतीकडच्या वऱ्हाडी बोलीत रॅप करणाऱ्या पोरांना ठेवीन. विपीन तातड त्यांतला एक. जुन्या पिढीला हे गाणे वाटत नाही. १९७० च्या आसपास आपल्या कविताही पुष्कळांना कविता वाटत नव्हत्या.

चित्रपटकारांत सोमनाथ वाघमारे. भीमा कोरेगाववरचा त्यांचा माहितीपट २०१७ मध्ये आला, म्हणजे हल्ल्याच्या आधी. हा योगायोग फार महत्त्वाचा आहे. ज्याला कोरेगाव म्हणजे काय हे समजून घ्यायचे आहे त्याने दंगलीच्या चित्रफिती पाहण्यापूर्वी तेथे वर्षानुवर्षे शांतपणे येणारी माणसे पाहावीत. 'चैत्यभूमी' (२०२३) मध्येही त्यांनी तेच केले. सहा डिसेंबरला शहरी वर्तमानपत्रांना दिसते ती गर्दी. वाघमारे यांना त्या गर्दीत पुस्तके विकत घेणारा माणूस दिसतो.

मराठीबाहेर पाहायचे तर 'खबर लहरिया'च्या बायका. २००२ मध्ये चित्रकूटकडे बुंदेली बोलीत निघालेले हे छोटे वर्तमानपत्र आता मोबाईलवर बातम्या देते. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' हा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. त्या वेळी या बायकांनी काय केले? टाळ्या स्वीकारता स्वीकारता जाहीरपणे सांगितले की या चित्रपटात आमचे काम पूर्ण उतरलेले नाही. ज्याला आपल्या स्तुतीतही चूक दाखविता येते त्याच्या बातमीवर विश्वास ठेवायला हरकत नाही. दिल्लीहून मीना कोटवाल यांनी २०२१ मध्ये 'द मूकनायक' सुरू केले, तेही पाहावे. नावाचे ओझे मोठे आहे, ते पेलण्याची धडपड प्रामाणिक आहे. इंग्रजी जमत असेल तर नांदेडहून हार्वर्डपर्यंत गेलेले सूरज एंगडे. त्यांच्या 'कास्ट मॅटर्स' (२०१९) मध्ये घरचा अनुभव सांगणारी पाने अस्सल आहेत. पडद्यावर मात्र त्यांच्या परदेशी व्यासपीठांची छायाचित्रे विचारांपेक्षा अधिक दिसतात, आणि आमची मुले छायाचित्र पाहून पुस्तक वाचल्याचे समाधान मानतात. हा दोष त्यांचा किती आणि पाहणाऱ्यांचा किती, हे ठरविणे कठीण.

एक नाव यादीत लिहिताना माझ्या मनात खळबळ झाली. रोहित वेमुला. १७ जानेवारी २०१६ ला त्याने हैदराबादच्या विद्यापीठात जीवन संपविले. त्याचे शेवटचे पत्र सर्वांनी वाचले. त्याच्या आधीची कितीतरी वर्षे तो फेसबुकवर लिहीत होता. खगोलशास्त्र, विद्यार्थी राजकारण, चित्रपट, थट्टा. ते लेखन पुढे इंग्रजीत पुस्तकरूपानेही आले. मेलेल्या माणसाला फॉलो कसे करायचे, असे एका मुलीने विचारले. मी म्हटले, शेवटच्या पत्रावरून मागे मागे वाचत जा. हुतात्मा झालेला रोहित सर्वांना हवा असतो. हसणारा, वाद घालणारा, चुकणारा रोहित तेथे सापडतो.

आणि आता ज्यांचे नाव मी लिहून खोडले त्यांच्याविषयी. दिलीप मंडल. हिंदी पत्रकारितेत मोठ्या जागेवर पोचलेला बहुजन माणूस, तीक्ष्ण लेखणी, आकडेवारीवर पकड. २०१९ च्या ट्विटरविरुद्धच्या आंदोलनात तेच केंद्रस्थानी होते, आणि त्या काळात मी स्वतः कित्येकांना त्यांचे नाव सुचविले. २०२४ मध्ये ते केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयात सल्लागार झाले. माणसाने बाजू बदलली, एवढ्यावरून मी त्यांना खोडणार नव्हतो. बाजू बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी लिहिले की फातिमा शेख नावाची बाई कधी नव्हतीच, ते पात्र आपण रचले होते. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हाला हे ऐकून काय वाटले असेल! १० ऑक्टोबर १८५६ रोजी सावित्रीबाईंनी नायगावहून जोतीरावांना लिहिलेल्या पत्रात फातिमेचा उल्लेख आहे. आपण आजारी असल्यामुळे कामाचा भार तिच्यावर पडला असेल, ही काळजी तेथे व्यक्त झाली आहे. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयात १९८८ पासून छापलेले आहे. तेव्हा ट्विटर नव्हते.

तरीही येथे आपल्यालाही एक कडू घोट घ्यावा लागतो. मोबाईलवर फिरणाऱ्या फातिमेच्या चरित्रात गेल्या काही वर्षांत पुष्कळ भर पडली. तिच्याविषयी कागदावर जे आहे ते थोडे आहे, आणि त्या थोड्यावर आपण उत्साहाने मजले चढविले. मजले खोटे ठरविणाऱ्याला मग पायाच खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस झाले. बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वचनांचे तेच. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांची लेखने आणि भाषणे खंडांत प्रसिद्ध केली; वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. ते खंड मोबाईलवरही उघडतात. सुंदर अक्षरातले वचन पुढे पाठविण्यापूर्वी खंड आणि पान विचारा. ज्याला ते सांगता येत नाही तो कितीही मोठ्याने जयभीम म्हणो, त्याच्या मागे जाऊ नये.

यादी तयार झाल्यावर मी ती पुन्हा वाचली आणि एक पोकळी दिसली. गायक आहेत, चित्रपटकार आहेत, विद्वान आहेत. चाकणच्या कारखान्यात सात महिन्यांचा ब्रेक देऊन पुन्हा नव्याने भरला जाणारा ठेकेदाराचा कामगार कुठे आहे? आमच्या अभ्यासिकेतली निम्मी मुले तीच आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. १९७० चा कंत्राटी कामगारांचा कायदा त्यांत विरून गेला. या बदलाने पगारपत्रकात काय फरक पडेल हे सोप्या मराठीत, आपल्या बोलीत समजावून सांगणारा एकही आंबेडकरी आवाज मला मोबाईलवर शोधून सापडला नाही. १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढणाऱ्या आणि १९४२ ते १९४६ मजूर खाते सांभाळणाऱ्या नेत्याचे आम्ही लोक. पडद्यावर मात्र आमचे सारे भांडण प्रतीकांचे. दुसरीकडे, वाढदिवसाच्या गाड्यांचे ताफे आणि हातात कोयता घेतलेल्या पोरांची रिळे यांना याच पट्ट्यात हजारोंनी अनुयायी आहेत. मग पोलीस गुन्हे नोंदवतात, आणि ज्यांची नावे नोंदवली जातात ती पुन्हा आपल्याच वस्त्यांतली.

आणखी एक गोष्ट मुलींनी लक्षात आणून दिली. माझ्या पहिल्या खर्ड्यात अकरा नावांपैकी आठ पुरुषांची होती. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हे पुस्तक मी वर्गात शिकवतो, आणि यादी मात्र अशी करतो! त्यांतली एक म्हणाली, बाईने राजकारणावर चार ओळी लिहिल्या की खाली ज्या शिव्या येतात त्या वाचून घरचेच मोबाईल काढून घेतात. मग आमची नावे कुठून वाढणार? त्या शिव्या देणाऱ्यांत निळा झेंडा लावलेलीही खाती असतात, हे तिने मला दाखविले. मी उत्तर दिले नाही. खर्डा पुन्हा केला.

शेवटी फळ्याशेजारी जो कागद लागला त्यावर नऊ नावे आहेत. प्रत्येक नावापुढे दोन रकाने मुलांनी आखून घेतले: हा माणूस कधी चुकला, आणि चूक त्याने मान्य केली का. पहिल्याच आठवड्यात तिसऱ्या नावापुढे पेन्सिलीने काहीतरी लिहिले गेले होते. सर्वांत खाली, कोणाच्या अक्षरात ते मी विचारले नाही, माझे नाव दहावे म्हणून घातलेले होते, आणि पहिल्या रकान्यात तारीख होती: २ जानेवारी २०१८.